शिट्टीवरची पंगत

काकांनी मला खोली दिली ती मी तिसरी भाकर मागून घेतली म्हणून. नोकरीचे कागद दाखवायला मी पर्समध्ये हात घातला होता, पण त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. रेल्वेत बदली होऊन मी अमरावतीहून जबलपूरला आले होते. दुपारभर तिथल्या गोरखपूर नावाच्या भागात खोली शोधत फिरले, तेव्हा एका पानवाल्यानं सांगितलं की पलीकडच्या पिवळ्या घरात मराठी म्हातारा-म्हातारी राहतात आणि त्यांची वरची खोली रिकामी आहे. दार काकांनीच उघडलं. "जय भीम" म्हणाले आणि लगेच, "जेवली का?" मी हो म्हणाले. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि आत ओरडले, "अगं, एक ताट घे. पोरगी खोटं बोलून राहिली."

मी जेवत होते तोवर ते समोर उभे होते. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. तिसऱ्या भाकरीला मी स्वतः हात पुढे केला तेव्हा त्यांनी मान हलवली. "चलो, खोली तुझी. लाजून अर्धपोटी उठणाऱ्या माणसाला मी वर ठेवत नाही. उपाशी माणूस डोक्यावर फिरत असला की मला झोप नाही लागत."

काका तोफांच्या फॅक्टरीतून चार्जमन म्हणून निवृत्त झाले होते. इतकी वर्षं मी त्यांच्या माडीवर काढली, पण तोफेबद्दल त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकला नाही. बोलायचे ते पंगतीबद्दल. आपल्या लोकांत लग्न असो, बारसं असो, जयंतीचं जेवण असो की बुद्धपौर्णिमेची खीर, वाढण्याची व्यवस्था काकांकडे. ती त्यांना कुणी दिली नव्हती, पण काढून घ्यायची छातीही कुणाची नव्हती. गळ्यात दोरीला बांधलेली पितळी शिट्टी असायची. एकदा वाजली की बसायचं, दोनदा वाजली की वाढायचं, तीनदा वाजली की जेवायला सुरुवात. उठायची शिट्टी नव्हतीच. समोरच्याचं पोट भरलं आहे यावर काकांचा कधी विश्वासच बसत नसे.

स्कूटरच्या डिकीत त्यांचं ओगराळं आणि मिठाचा डबा कायम असायचा, न जाणो कुठे वाढायची वेळ येईल म्हणून. एकदा बडा फुहाऱ्याच्या चौकात पोलिसानं गाड्या तपासायला थांबवल्या आणि काकांची डिकी उघडायला लावली. हातभर लांब ओगराळं पाहून तो बिचारा गोंधळला. "ये क्या है, चाचा?" काका म्हणाले, "ड्यूटी पे हूँ." म्हणाले ते इतक्या ठसक्यात की त्यानं सलाम ठोकून जाऊ दिलं.

बुफे नावाची गोष्ट जबलपुरात आली तेव्हा काकांना घरात कुणी गेल्यासारखं झालं होतं म्हणे. मी स्वतः पाहिलेलं सांगते. एका लग्नात हिरवळीवर बुफे मांडला होता आणि माणसं हातात ताटल्या घेऊन उभ्यानं खात होती. काकांनी सरळ नवरदेवाच्या सासऱ्याला गाठलं. तो गृहस्थ नव्या सुटात, एका हातात ताटली आणि दुसऱ्या हातात गुलाबजाम घेऊन उभा होता. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला हळूहळू खाली दाबत नेलं, तो गवतावर मांडी घालून बसेपर्यंत. "आता जेव," म्हणाले. सासराच बसला म्हटल्यावर बाकीचे उभे कसे राहणार? दहा मिनिटांत अर्धं लग्न गवतात बसलं होतं आणि केटररची पोरं चमचे घेऊन रांगेतून धावत होती. सुटाच्या मागे हिरवे डाग पडले ते पाठवणीच्या फोटोत स्पष्ट दिसतात.

मी एकदा त्यांना विचारलं, की काका, पंगतीचं एवढं काय आहे हो? त्यांचे वडील वर्ध्याकडच्या एका खेड्यातले. गावजेवण असलं की आपल्या लोकांना लांब उकिरड्याशी बसवायचे, तेही सगळ्यांचं उरकल्यावर. वाढणारा हात वरच ठेवून पानात टाकायचा, शिवलं जाऊ नये म्हणून. पुढे वडील फॅक्टरीत लागले, इकडे आले, बौद्ध झाले. क्वार्टरच्या मैदानावर पहिलं जेवण झालं तेव्हा त्यांनी सगळ्यांना एका ओळीत बसवलं आणि सांगितलं की शेवटच्या माणसाच्या पानात पडेपर्यंत पहिल्यानं घास उचलायचा नाही. काका तेव्हा मीठ वाढायच्या वयाचे होते. "तेव्हापासून वाढून राहिलो," एवढंच ते म्हणाले. मला एकदम भरून आलं. पण काकांसमोर भरून यायची सोय नव्हती. त्यांनी माझ्या ताटात भाताचा ढीग टाकला आणि म्हणाले, "रडायचं तर जेवून रड."

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्या पंगतींचा स्वयंपाक बहुतेक वेळा त्याच करत. काकू उंचीनं लहान आणि बोलायला त्याहून कमी. पाटवडी रस्सा करावा तर काकूंनी. बेसनाच्या मऊसूत वड्या, वर काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा, की नाकाडोळ्यांतून पाणी यावं आणि तरी हात थांबू नये. दुसरा त्यांचा वडाभात. लोक बोटं चाटत उठायचे आणि जाताना काकांचे हात हातात घेऊन म्हणायचे, "वा, काय जेवण झालं!" काकाही खुशाल ते स्वीकारायचे. चुलीमागे कोण आहे हे बघायला कुणी गेलेलं मी तरी पाहिलं नाही.

गोरखपुरातच एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत नवा फूड हॉल उघडला तेव्हाची ही गोष्ट. उंच पत्र्याचं छत तसंच ठेवलं होतं, खाली पिवळे दिवे, आणि भोवती प्रत्येकाचं स्वतःचं छोटं दुकान. इंजिनियरिंग सोडून आलेला एक पोरगा मोमो विकत होता, दोघं भाऊ पिझ्झा भाजत होते, एक सिंधी दीदी दाल-पकवान करायची, आणि खोव्याच्या जिलेबीवाला तर होताच, त्याच्याशिवाय जबलपुरात काही उघडत नाही. मधे टेबलं. पैसे भरले की हातात टोकन म्हणून एक काळी डबी मिळायची. तुमचं ताट तयार झालं की ती डबी थरथरायची आणि तिच्यावर लाल दिवे लागायचे. एक कोपरा रिकामा होता आणि मालकांना तिथे काहीतरी घरगुती हवं होतं. महिनाभर चालवून पाहा, गिऱ्हाईक आलं तर जागा तुमची, नाही तर वॅफलवाला रांगेत उभाच आहे.

काकू माडी चढून माझ्याकडे आल्या. गुडघ्यांमुळे त्या वर कधी येत नसत, म्हणून मी घाबरले. खाटेवर बसून त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाल्या, "त्या फूड हॉलवाल्याला फोन लावून दे. मला तो कोपरा पाहिजे."

"काकांना विचारलं?"

"त्यांना काहून विचारू? त्यांनी मला कधी विचारलं का, दोनशे पानं आहेत, करशील का म्हणून?" मग जरा थांबून म्हणाल्या, "जन्मभर फुकट वाढलं, पोरी. फुकटच्या अन्नाला कोणी नाव ठेवते का? माझ्या हातचं कोणी पैसे देऊन खाते का, ते मला एकदा पाहायचं आहे."

मी फोन लावला. संध्याकाळी खालून काकांचा आवाज माझ्या खोलीपर्यंत आला. अन्न वाढायचं असतं, विकायचं नसतं. माझ्या घरचं अन्न टोकनवर? मी मेल्यावर विका. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पातेलं घेऊन ऑटोत बसल्या.

खरं सांगायचं तर महिनाभर दुकान चाललं नाही. पोरं यायची, पाटी वाचायची, "आंटी, इसमें पनीर है?" विचारायची. काकू म्हणायच्या, "बेसन है." पोरं मोमोकडे वळायची. काकूंना गिऱ्हाईक पटवणं ठाऊक नव्हतं. त्या आपल्या ओगराळं धरून, पंगतीतल्या बाईसारख्या गप्प उभ्या राहायच्या. संध्याकाळी पातेलं जवळजवळ भरलेलंच घरी परत यायचं.

आणि इथे काकांनी जे केलं ते फक्त काकाच करू शकत होते. ऑटो दारात थांबला की ते पातेल्यात डोकावायचे. "उरलं ना? मग आता हे विकायचं नाही. आता हे अन्न झालं." की वाजवलीच शिट्टी. गल्लीतली सगळी मंडळी वाट्या घेऊन हजर, अंगणात रांग. "काकू, क्या रस्सा है!" "भाभीजी, हात चूम लूँ!" सगळी गल्ली फूड हॉलपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, हातात पैसा खेळणारी होती, रेल्वेची, फॅक्टरीची, टपालखात्याची माणसं. पण संध्याकाळी तेच दारात फुकट मिळत असताना दुपारी टोकन कोण घेणार? वर काकांचा आग्रह होता तो वेगळाच.

"या गल्लीनं माझं दुकान खाल्लं," काकू मला म्हणाल्या. "आणि वाढणारा घरचाच."

महिन्यातला शेवटचा रविवार आला. आज काही झालं नाही तर कोपरा वॅफलवाल्याकडे जाणार होता. मला सुट्टी होती, मी काकूंबरोबर निघाले. पातेल्याला फडकं बांधता बांधता त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "आज उरलं तर तिकडंच नालीत ओतीन. घरी थेंब यायचा नाही."

काका दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून ते वळले. "नालीत? अन्न?" काकू ऑटोत बसल्या. मी मागं वळून पाहिलं तर फेस वाळत चालला होता आणि काका जागेवरून हलले नव्हते.

दुपारी हॉल भरला. आमच्या काउंटरपुढे मात्र शुकशुकाट. मी चार जणांना हाका मारल्या, पाटवडीचे तुकडे चाखायला ठेवले, एक पोरगा तुकडा खाऊन खोकत पळाला. काकू म्हणाल्या, "राहू दे, बेटा. पाहून घेतलं." त्यांनी हे म्हटलं ते अगदी शांतपणे, आणि मला इतका राग आला, की कुणावर काढावा कळेना.

तेवढ्यात दारातून काका आत आले. इस्त्रीचा सदरा, डाव्या गालावर जरा पांढरं राहून गेलेलं, गळ्यात शिट्टी, हातात स्वतःचं ओगराळं. त्यांच्यामागे अख्खी गल्ली. पातेलं नालीत जाण्याआधी वाचवायला माणसं आणली होती त्यांनी. आम्ही काकूंचे पदार्थ विकायचा प्रयत्न करत होतो आणि हे ते वाटायला आले होते.

पण काउंटरपर्यंत पोचायच्या आधीच त्यांची नजर टेबलांवर गेली आणि पाय थांबले. इतक्या माणसांना एका छताखाली असं खाताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कुणी खात होतं, कुणी वाट पाहत होतं, कुणी उठून चाललं होतं. पहिल्याच टेबलावर एक मुलगी पिझ्झा खात होती आणि तिची मैत्रीण रिकाम्या टेबलाशी डबी धरून बसली होती.

"ही काहून खाऊन राहिली?" काका मला विचारू लागले, जणू मीच खाऊ घातलं. मग त्या मुलीला म्हणाले, "बेटा, रुको. उसका आने दो." मुलीनं पिझ्झा खाली ठेवला. भीतीनंच ठेवला असावा.

आणि मग काकांनी शिट्टी तोंडाला लावली.

पत्र्याच्या छताखाली तो आवाज असा काही घुमला की पिझ्झावाल्या भावांनी आग लागली समजून भट्टी बंद केली. गल्लीच्या मंडळींना सवय. ती टेबलं सरकवून मधल्या मोकळ्या फरशीवर सरळ ओळीत बसली. बाकीच्यांना वाटलं काही कार्यक्रम आहे. कॉलेजची पोरं मोबाईल काढून हसत हसत रांगेत बसली, ती पिझ्झावाली मुलगी बसली, एक बाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या. ज्याच्या हातात जे होतं ते समोर ठेवून. काका रांगेतून फिरत होते. "हाथ नहीं लगाना. सबका आने दो." पोरं हात मागे घ्यायची. वीसपंचवीस काळ्या डब्या फरशीवर एकदमच थरथरायला लागल्या आणि बेडकांसारख्या सरकू लागल्या. डबी वाजली की माणूस धावत जाऊन ताट आणायचा आणि परत ओळीत बसून वाट पाहायचा. कुणीच खात नव्हतं. गल्लीतल्या मंडळींची पानं रिकामी होती ना.

काका काउंटरशी आले. पातेलं भरलेलं पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. "चल, वाढ," काकूंना म्हणाले.

"टोकन," काकू म्हणाल्या.

"अगं, पंगत बसली आहे."

"मी नाही बसवली. इथं आधी टोकन."

मी काकूंकडे पाहिलं. ओगराळं त्यांनी छातीशी धरलं होतं आणि हनुवटी वर होती. काकांनी आवाज चढवला, मग उतरवला. "लोक काय म्हणतील? माझी पंगत उपाशी उठली?" काकू हलल्या नाहीत. मागून पोरं ओरडायला लागली, "अंकल, पहले इन लोगों को दिलवाओ ना! ठंडा हो रहा है!" नियम काकांचाच होता. शेवटच्याच्या पानात पडल्याशिवाय पहिल्यानं खायचं नाही. आणि शेवटच्याच्या पानात पडायचं ते काकूंच्याच हातातून. मोमो निवत होते, पिझ्झा वातड होत होता, बाळ रडायला लागलं होतं, आणि सगळा हॉल काकांकडे पाहत होता.

काकांनी खिशातून पाकीट काढलं. ते काढताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की त्यापेक्षा दाढ उपटून घेताना बरा असतो. "घे," म्हणाले. मग गल्लीकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदा, ते म्हणाले, "जरा पाकिटं काढा रे तुम्ही पण. काहून बसले तसेच?"

पुढचं काही विचारू नका. दोन शिट्ट्या झाल्या आणि काकूंनी वाढायला घेतलं. तीन शिट्ट्या झाल्या आणि सगळा हॉल एकदम जेवायला लागला. रस्सा पोचला तसे लोक सू सू करायला लागले आणि डोळे पुसत आणखी मागायला लागले. काकांच्या अंगात आलं. "और लो, और लो!" आग्रह करायचे काका, मग लोकांनी वाटी पुढे केली की काकू म्हणायच्या, "टोकन." रांगाच लागल्या. काकांचा हात मात्र पाटवडीवर थांबेना. मोमोवाल्याच्या काउंटरवरची अख्खी थाळी उचलून त्यांनी रांगेत वाढून टाकली, सिंधी दीदींचे पकवान मोडून सर्वांना दिले, पिझ्झाचे त्रिकोण कापून बाळाच्या आईच्या पानात, नको नको म्हणत असताना, चार वाढले. कोणाचं कोण खातंय याचा पत्ता नव्हता. पातेलं खरवडून निघालं.

संध्याकाळी मॅनेजर आला. विशीतला पोरगा, कानात वायर, डोळ्यात पाणी. ते रश्शाचं की रागाचं, कळलं नाही. मोमोवाल्यानं तक्रार केली होती, पिझ्झावाल्यांनी केली होती, शिट्टीमुळे पहारेकऱ्यानं अग्निशामक दलाला फोन केला होता. "आंटी जी," तो म्हणाला, "दुकान आपकी पक्की. लोग पूछ रहे हैं कल मिलेगा क्या. लेकिन एक शर्त है. अंकल जी अंदर नहीं..."

"मंजूर," काकू म्हणाल्या. त्याचं वाक्यसुद्धा त्यांनी पुरं होऊ दिलं नाही. काका शेजारीच उभे होते.

पुढचे दिवस घरात फार वाईट गेले. काकांची शिट्टी खुंटीला होती, पातेलं रिकामंच घरी येत होतं आणि अंगणात गल्ली जमत नव्हती. काकू रोज दमून यायच्या आणि गुणगुणायच्या. मी त्यांना अभिनंदन म्हणाले तर म्हणाल्या, "त्या दिवशीचं सोड. त्या दिवशी पंगत अडकली म्हणून टोकन घेतलं त्यांनी. त्याला काय खाणं म्हणतात?"

पुढच्या रविवारी मी हॉलकडे गेले तर फाटकाबाहेर पहारेकऱ्याच्या स्टुलावर काका बसलेले. पहारेकरी बिचारा उभा. मला पाहून ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "आत चालली का? एक प्लेट घेऊन ये." आणि पैसे माझ्या मुठीत कोंबले. "कोणासाठी ते सांगू नको."

"कोणासाठी आहे, काका?"

"भूक लागली ना," ते चिडून म्हणाले. "लागत नाही का माणसाला?"

आत रांग होती. माझी पाळी आली तेव्हा काकूंनी टोकन दिलं, प्लेट भरली, आणि मी काही न सांगताच त्यांनी मान लांब करून काचेतून फाटकाकडे पाहिलं. त्यांनी एक वडी जास्त घातली नाही की कमी केली नाही. गिऱ्हाइकाला देतात तशीच प्लेट दिली. पण देताना त्यांचा चेहरा मी पाहिला. इतक्या वर्षांत मी काकूंना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं.

काकांनी प्लेट मांडीवर घेतली. आजूबाजूला कोण जेवलं, कोण राहिलं, काही पाहिलं नाही. रस्सा गरम होता, पहिल्याच घासाला जीभ भाजली, तरी थांबले नाहीत. पहारेकरी दोन हात अंतरावर उभा राहून वास घेत होता. शेवटी त्याला राहवेना. "अंकल जी, बहुत बढ़िया लग रहा है. क्या है ये?"

काकांनी प्लेट जरा स्वतःकडे ओढून घेतली आणि मान वर न करता म्हणाले, "अंदर मिलता है. टोकन लो."